दोरा कोणता?

सोम., २१ जाने.

पोचले. विश्रांतवाडीला आत्याकडे सामान टाकलं, तोंड धुतलं नि तशीच हिंजवडीला. नागपूर ऑफिसनं पाच आठवड्यांच्या ट्रेनिंगला पाठवलंय. झोपायचं पुण्याच्या या टोकाला, कोडिंग त्या टोकाला. सकाळी कंपनीची बस वेळेत. संध्याकाळी वाकडच्या पुलाखाली नुसती उभी. शेजारची मुलगी स्वेटर विणत होती, तिची अर्धी बाही झाली तरी आम्ही तिथंच.

बॅगेत कराटेचा ड्रेस, ग्लोव्हज आणि दोन पट्टे. ब्राउन माझा. पांढरा, नवशिक्याचा, नवीन, घरी कोणाला न दाखवता घेतलेला.

२४ फेब्रु.ला नागपुरात ब्लॅक बेल्टची परीक्षा. गावंडे सरांनी नाव देऊनही टाकलं. "आपल्या क्लासची पहिली पोट्टी राहशीन तू!" परीक्षेच्या शेवटी सलग फाइट असतात. आणि दिवाळीआधी नाक मोडल्यापासून माझ्या तोंडाकडे हात आला की डोळे मिटतात. गच्च. सरांना माहीत नाही. कोणालाच नाही.

इथं मला कोणी ओळखत नाही. पांढरा पट्टा बांधायचा, मिळेल त्या क्लासला जायचं, तोंडावर मारून घ्यायचं, सवय मोडायची. लिहून काढल्यावर प्लॅन फारच येडपट दिसतोय.

बुध., २३ जाने.

आत्याच्या मागच्या सोसायटीत, पार्किंगमध्ये क्लास. धावतपळत गेले. तिथले सर म्हणाले, "पालकांनी तिकडे खुर्चीवर बसा."

पालक नाही म्हटल्यावर रांगेत शेवटी उभं केलं. सगळी चौथीच्या आतली. माझ्या जोडीला पुढचे दोन दात पडलेली एक कार्टी. पोटात चांगले सणसणीत पंच मारले तिनं. तोंडापर्यंत हात पोचेना बिचारीचा. शेवटी म्हणाली, "काकू, तुम्ही खाली बसता का?"

काकू! चोवीस वर्षांची मी.

शुक्र., २५ जाने.

आज क्लास नाहीच. ट्रेनरनं थांबवून घेतलं, कंपनीची बस गेली. रिक्षावाल्यांचा बंद. पीएमटी औंधला बंद पडली, कंडक्टर म्हणे, "मागची येईल." मागची आली ती न थांबता गेली. पुष्कळ चालले.

घरी आरशासमोर स्वतःच्याच तोंडावर मूठ आणून पाहिली. डोळे टक्क उघडे. माझ्या हाताची भीती नाही त्यांना. आत्या दारातून बघत होती. "काऊन वं, आरशाशी काऊन भांडून राहिली?"

रवि., २७ जाने.

हिंजवडी गावात पत्र्याच्या शेडमध्ये बॉक्सिंग शिकवतात, असं ऑफिसच्या सिक्युरिटीवाल्यानं सांगितलं होतं. रविवारी कंपनीची बस नाही. दोन पीएमटी, एक सहा आसनी रिक्षा, मांडीवर कोणाची तरी कोथिंबिरीची पिशवी. पोचले तेव्हाच अंगातला जीव गेला होता.

पोरं धिप्पाड. मनात म्हटलं, इथं काम होणार. कसलं काय. त्यांचा म्होरक्या हात जोडून उभा. "ताई, बॅगला मारा किती मारायचं त्ये. फाइट कशाला? उद्या तोंड सुजलं म्हंजे घरची मान्सं आमच्या दारात हायेत."

"मीच म्हणते ना मारा म्हणून."

"तुमी म्हंताय. त्ये न्हाय म्हनायचे."

फार विनवल्यावर त्यानं एक पंच सोडला, नाकापासून हातभर लांब थांबला. मी तेवढ्यालाही डोळे मिटले. कोणी पाहिलं नसावं. पाहिलं असेल तरी सभ्य माणसं.

सगळे मला जपतायत. राग येतो. आणि खरं सांगायचं तर बरंही वाटतं, त्याचा अजून राग येतो.

मंगळ., २९ जाने.

मंडईजवळच्या शाळेचा वरचा हॉल. मोठ्यांचा क्लास, मंगळ-गुरु-शनि. बस शिवाजीनगरला सोडली, पुढं गर्दीतून पायी. हॉलच्या दारात परचुरे सर. पांढरी मिशी, आवाज अगदी हळू.

"आपण उशिरा आलात."

"वाकडला ट्रॅफिक..."

"वाकड आमच्या क्लासच्या आधीपासून आहे."

वीस दंड काढायला लावले. मग रांगेत. दोनच किक मारल्या असतील, सर शेजारी येऊन उभे. "पांढरा पट्टा आणि ही किक. धुताना रंग गेला का?"

सगळा हॉल हसला. कान लाल. सर पुढं म्हणाले ते कोणाला ऐकू जाणार नाही असं. "पाहुण्यानं पांढरा बांधायची पद्धत आहे, ती यजमानाला मान म्हणून. लपायला नव्हे. गुरुवारी स्वतःचा बांधून या. येणार असलात तर."

घरी यायला मनपाच्या स्टॉपवरून बस. उभ्यानं. जाऊ का गुरुवारी? नको.

गुरु., ३१ जाने.

गेले. ब्राउन बांधून.

फाइटला मेधाताई समोर. पन्नाशीच्या, पुण्यातल्याच शाळेत गणित शिकवतात, पट्टा हिरवा, माझ्याहून खालचा, अंबाडा घट्ट. मनात म्हटलं, काकूंना जपून मारावं लागेल. माय वं! सुरू म्हटल्याबरोबर नाकावर. डोळ्यांतून पाणी.

"अहो, लागलं का?"

"नाही."

"बरं." की दुसरा.

इतकं अहो-जाहो करत मला आजवर कोणी बडवलं नाही. मग थांबल्या, माऊथगार्ड काढून म्हणाल्या, "अहो, आपण डोळे मिटता."

सगळ्यांसमोर. शाळेत गणित चुकल्यावर सांगतात तसं. मी म्हटलं, घाम डोळ्यांत गेला होता. "घाम दर वेळी पंचच्या आधीच जातो का?"

जिन्यात बसून रडले. मेधाताई खाली उतरताना शेजारी बसल्या. मीच सगळं सांगितलं, नाक, परीक्षा, पांढरा पट्टा. ऐकून एवढंच, "शनिवारी येताना डोळे घेऊन या." पुणेरी सांत्वन!

शनि., २ फेब्रु.

मे.ताईंनी ग्लोव्हच्या मुठीवर दोरा शिवून आणलाय. वीतभर, रंगीत. मला आधी दाखवला नाही. पंच मारतात नि विचारतात.

"दोरा कोणता?"

"...काळा?"

"काळं आपल्या पापण्यांच्या आत आहे. पुन्हा."

तासभर हेच. काळा, काळा, माहीत नाही, काळा. होता पिवळा.

मंगळ., ५ फेब्रु.

बसचा टायर बसला. अर्धा क्लास गेला. परचुरे सरांनी घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही, नुसतं जमिनीकडे बोट. दंड.

दोरा: तीनदा चूक, एकदा "हिरवा" म्हटलं. होता निळा. पण काळा नाही म्हटलं! मे.ताई म्हणाल्या, "प्रगती आहे. चुकीची आहे, पण आहे."

गुरु., ७ फेब्रु.

ओठ फुटला. दोरा लाल होता, तेवढा दिसला. रक्तामुळे म्हणाले असेन असं मे.ताईंना वाटलं, म्हणून तो धरला नाही.

जाता जाता त्यांनी सहज विचारलं, "आपल्या तिकडच्या सरांना हे कसं दिसलं नाही? मला पाच मिनिटांत दिसलं."

तेव्हापासून डोक्यात तेच. बसमध्ये तेच. आत्यानं ओठ पाहून कपाळावर हात मारून घेतला. "लग्नाची पोट्टी नं तू! हे थोबाड दाखवशीन का पाहुण्याइले?" तिला काय सांगू, पाहुणे नंतर, आधी परीक्षा.

शुक्र., ८ फेब्रु.

जेवणाच्या सुट्टीत गावंडे सरांना फोन. सरळ विचारलं, "सर, माझे डोळे मिटतात हे तुम्हाला माहीत आहे?"

बॅलन्स संपला की काय वाटलं.

"दिवाळीपासून माहीत हाये मले."

"मग?"

"पोट्ट्याइले सांगून ठेवलं होतं. वैशूच्या तोंडावर नका मारू म्हणून."

"काऊन सर?"

"तू क्लास सोडून जाशीन, असं वाटलं बेटा."

फोन ठेवला. कँटीनच्या मागं उभी राहिले. म्हणजे दिवाळीनंतर क्लासमध्ये मी जिंकलेली एकेक फाइट... सगळ्या पोट्ट्यांना माहीत होतं. मी हात वर करून नाचत होते आणि ते टाळ्या वाजवत होते.

सरांचा राग येत नाही हेच वाईट. आला असता तर बरं होतं. मी लपवत होते, ते लपवत होते, आणि नाव परीक्षेला देऊन बसलो दोघं.

शनि., ९ फेब्रु.

गेले नाही. डोकं दुखतंय असं आत्याला सांगितलं. परीक्षेचं नाव मागं घ्यावं का?

मंगळ., १२ फेब्रु.

आजही जाणार नव्हते. बसमध्ये बसले होते विश्रांतवाडीच्या. खडकीला सिग्नलला थांबली तेव्हा उतरले, उलटी मंडईची पकडली. का ते माहीत नाही.

हॉलमध्ये सगळं सांगितलं मे.ताईंना. त्या ग्लोव्हज घालता घालता म्हणाल्या, "म्हणजे तिकडे आपल्याला कोणी मारलंच नाही. मग डोळे उघडायचं कारणच काय त्यांना?" नि लगेच, "दोरा कोणता?"

"जांभळा!"

जांभळा होता. जांभळा होता!! मग त्यांनी पाठ फिरवून दर पंचला दोरा बदलला. पुढचे पाच काळे, पण जांभळा दिसला.

शनि., १६ फेब्रु.

हिरवा, पांढरा, पुन्हा जांभळा. दोन चुकले. नाक सुजलंय. परचुरे सर जवळ आले, म्हटलं आता काहीतरी चांगलं बोलणार. "डोळे उघडे ठेवता हे छान. आता हातही वापरा. तोंडावर मार खायला पट्टा लागत नाही."

मंगळ., १९ फेब्रु.

पीएमटी डांगे चौकातच बंद. गेलेच नाही. परीक्षा रविवारी. परीक्षक बाहेरचे, पण फाइटला समोर आपल्याच क्लासचे पोट्टे. त्यांना सर पुन्हा सांगून ठेवणार नाहीत कशावरून? पास झाले तरी कशानं झाले ते मला कधी कळणार नाही. याचीच जास्त भीती वाटते, नापास व्हायची कमी.

गुरु., २१ फेब्रु.

शेवटचा क्लास. दोरा: पाचात तीन बरोबर. परचुरे सरांना वाकून नमस्कार केला. म्हणाले, "यशस्वी व्हा. पुन्हा याल तेव्हा लवकर निघा."

मे.ताई म्हणाल्या, शनिवारी ट्रॅव्हल्सपर्यंत सोडायला येते. कशाला म्हटलं. "शाळा अर्धी आहे. काही काम नाही."

शनि., २३ फेब्रु.

ट्रॅव्हल्सच्या बाकड्यावर बसून लिहितेय. गाडी पाचची. सात वाजत आले, गाडीचा पत्ता नाही. एजंट म्हणे, "निघालीय मॅडम, येतेच आहे," दर वेळी तेच, त्याच सुरात. आता निघाली तर सकाळी दहा-साडेदहाला नागपूर. परीक्षा अकराला. रस्त्यात काही झालं तर संपलं.

मे.ताई दोन तास इथंच. डब्यात गुळपोळी आणली, एक मला, एक स्वतः खाल्ली. एजंटशीही भांडल्या. "आपली गाडी येणार नसेल तर तसं सांगा. आम्ही ऐकू शकतो."

सहाला गावंडे सरांचा फोन. "वैशू, मी कोणाले काही सांगितलं नाई. आईशप्पथ." मग जरा थांबून, "पण पोट्टे आपलेच हायेत बेटा. तुझ्यासमोर आले का त्याइचा हात आपोआपच आखडते. ते मी कसं सांगू त्याइले?"

हो सर म्हटलं, ठेवला.

मे.ताईंना विचारलं, "मग मला कळणार कसं? तो खरा मारतोय की जपून?"

"बघून," म्हणाल्या.

आणि लगेच, "उठा." भर फुटपाथवर, बॅगांच्या मधे. नागपूरची एक फॅमिली, दोन कॉलेजची पोरं, एजंट, सगळे आमच्याकडे. साडीचा पदर खोचला त्यांनी. ग्लोव्हज नाहीत, दोरा नाही. नुसती मूठ. थेट नाकापर्यंत आली, कातडीला वारा लागला.

"लाल शाई," मी म्हटलं. मधल्या बोटावर, नखाच्या बाजूला.

"पेपर तपासत होते."

दुसरा मारला. मिटले. का मिटले? काही कारण नव्हतं, मिटले.

मे.ताईंनी पाय नीट टेकवले, तिसऱ्यासाठी मूठ मागं घेतली, आणि एजंट ओरडला, "चला नागपूर, नागपूर!"

गाडीत बसलेय. अजून हलली नाही. खिडकीतून मे.ताई दिसतायत, मूठ तशीच वर धरून उभ्या आहेत.