गायरानातलं कंपाउंड

१२ एप्रिल २०२४
आलो एकदाचा त्सुकुबाला! जपानच्या राजधानीत, हिगाशी-कसाईच्या दोन खोल्यांत तीन माणसं आणि माझी पुस्तकं कोंबून राहिल्यावर हे घर म्हणजे निव्वळ चैन आहे. इन्स्टिट्यूट सायकलच्या अंतरावर, मागे हे एवढं अंगण आणि अंगणाला लागून गवताची टेकडी. संपदा आणि अक्षया मेच्या सुरुवातीला, गोल्डन वीकच्या सुट्टीत येतील. बायकोची कुरकुर अजून चालूच आहे, लेकीची शाळा तिकडे, मैत्रिणी तिकडे. मी मात्र हट्टच धरलाय. सहा वर्षांच्या मुलीला मातीत खेळायला मिळतंय, आणखी काय हवं? खटकतं ते एवढंच, की अंगणाला कंपाउंड नाही. पुण्याच्या माणसाला कंपाउंडशिवाय झोप लागत नाही, हे घरमालकाला कोण सांगणार.

२० एप्रिल
आठवडाभर बघतोय, कोणीही उठतो आणि माझ्या अंगणातून खुशाल टेकडीवर जातो. वर वाकून नमस्कारही करतात. शेजारचे नेमोतो-सान या वस्तीचे प्रमुख. ते म्हणाले, टेकडी सगळ्यांची आहे आणि वाट पूर्वीपासून इथूनच जाते. म्हणजे आपल्याकडचं गायरान. असेल, पण अंगण माझ्या भाडेकरारात आहे. आज होम सेंटरमधून लाकडी खुंट आणि हिरवी जाळी आणली आणि स्वतः ठोकलं सगळं. फाटकाला कुलूप. हाताला फोड आले, पण जिवाला बरं वाटलं.

२१ एप्रिल
आज वस्तीची गवतकापणी. घरटी एक माणूस जातो म्हणे. मी आधीच नेमोतो-सानांना मिठाईचा डबा देऊन जमणार नाही म्हणून कळवलं होतं. आमच्या सोसायटीत श्रमदान असंच चुकवतात. तरी सगळे विळे घेऊन फाटकाशी आले. आरडाओरड नाही, शिव्या नाहीत, नुसते उभे. मी आतूनच रस्त्याने वळसा घालून जायला सांगितलं. गेले.

नेमोतो-सान मागे राहिले. त्यांनी सांगितलं ते असं: जुन्या काळी जहागीरदाराच्या कारभाऱ्याने कुंपण घालून ही टेकडी लाटली. गवत कापेल त्याचा विळा जप्त, सरपण उचलेल त्याला फटके. शेवटी आसपासची गावं उठली. त्यांनी टेकडीवरचं कुंपण उपटलं आणि तेच खुंट कारभाऱ्याच्या घराभोवती ठोकले. रोज थोडे आत. त्याला कोणी हातही लावला नाही. पुढे उठाव मोडला, म्होरक्यांची मुंडकी उडवली, पण कारभारी त्याआधीच संपला होता. तेव्हापासून इथे कोणी कुंपण घालत नाही.

मग म्हणाले, "पहिला खुंट तुम्ही तुमच्या हाताने उपटा. आम्ही उपटून चालत नाही."

भाडेकरूला घाबरवायच्या युक्त्या. मी म्हटलं, बघू.

२४ एप्रिल
कंपाउंड आत आलंय. आतल्या बाजूला उभी केलेली सायकल आज बाहेर आहे. कोणाचे उद्योग ते कळतंय मला. मीही काही कच्च्या गुरूचा चेला नाही. फाटकावर जपानीत पुणेरी पाटी लावली: खासगी जागा, वाट नाही.

२७ एप्रिल
आणखी आत. आणि हे खुंट माझे नाहीत. जाड, सालीसकट, विळ्याने तासलेले, एकाला एक लागून. जाळी कुठे गेली माहीत नाही. दुपारभर खिडकीत पहारा दिला. कोणी आलं नाही. कप ठेवायला वळलो तेवढ्यात वाळत घातलेले कपडे कुंपणाच्या पलीकडे गेले होते.
मला भीती वाटतेय.

२९ एप्रिल
उपटायला गेलो. दोन्ही हातांनी, मग पहारीने. हलत नाही. फटीतून नेमोतो-सान दिसले. हाका मारल्या, माफी मागितली. ते म्हणाले, आता उशीर झाला, त्या काळची ती माणसं आता आमचंही ऐकत नाहीत. खाली मान घालून निघून गेले.

१ मे
दार उघडत नाही. बाहेरून खुंट टेकलेत. संपदाला फोन लावला — तिला म्हणे नुसता गवत कापल्याचा आवाज येतोय. पोलिसांनाही तोच. मेसेज गेला: येऊ नका. तिचं उत्तर आलं, "महिनाभर ये ये म्हणून भांडलास आणि आता नको? अक्षयाने बॅग भरलीय. आम्ही येतोय."
पुन्हा लिहिलं. जात नाही —

३ मे, सकाळ
खोलीत. खुंट चटई फाडून वर आलेत. टेबल गेलं. मांडीवर वही.
खिडकीपाशी माणसं. विळे, गवताच्या टोप्या. वस्तीतलं कोणीच नाही त्यांत. माझ्याकडे बघतात — त्या कारभाऱ्याकडे बघावं तसं —

दुपार
टॅक्सी. अक्षयाचा आवाज. ओरडतोय मी, ऐकू —
ती माणसं बाजूला होतायत. तिला वाट देतायत. खुंट, माझ्यासाठी बोटभर हलले नाहीत ते — उघडतायत. फट पडलीय. मी मावणार नाही. तिच्याएवढीच.
धावत येतेय. तिच्या मागचे मिटत —
अक्षया, बाबा नाही इथे, आत नको —