दीड पोळीची पिशवी

सोमवार, २ जुलै १९७३. संध्याकाळी ६.४०

पद्मा आज शाळेत खो-खोच्या सरावात चक्कर येऊन पडली. बातमीला दुजोरा शाळेच्या शिपाई गोजाबाईंचा. त्याच तिला हाताला धरून घरी घेऊन आल्या. मी कंपनीतून आलो तेव्हा बाई चहा पीत होत्या. माझ्या कपातून.

कारण: उपाशी पोट. गोजाबाई म्हणाल्या, पोरगी डबा उघडतच न्हाई साहेब, पिशवी बाकाखाली दडवती अन् नळाचं पानी पिती. खेळाच्या बाईंचा निरोप असा की पद्मा रोज डबा खाताना दिसली नाही तर संघातून नाव कापणार. सामने ४ ऑगस्टला, चऱ्होलीत. पद्मा दोन वर्षं राखीव होती, यंदा नववीत आल्यावर पहिल्यांदा नऊ जणींत आली आहे. हे मला शिपायाकडून कळतं.

पिशवीत लपवण्यासारखं काय आहे? चांगली खाकी कॅनव्हासची आहे. कंपनीत मापं तपासायचे गेज यायचे तिच्यातून. भंगारातून रीतसर गेटपास काढून आणली. वर लाल रंगात 'रिजेक्ट' लिहिलंय, त्यानं कापडाची ताकद कमी होत नाही. वर्गातल्या मुली तिला रिजेक्ट म्हणून हाक मारतात म्हणे. मारू देत.

सुहासिनी म्हणाली, अहो, तिला विचारा तरी कसली हवी. नाहीतर मी दोन दुपारी वायरची विणून देते.

वायरची! सगळी भोकं. खालच्या मजल्यावरच्या दौलतरावांच्या घरात खिळ्याखिळ्याला वायरच्या पिशव्या लटकतात. त्या माणसाच्या घरात जे आहे ते माझ्या घरात येणार नाही. (स्कूटर सोडून. तो नंबराचा प्रश्न आहे. मी सहासष्ट साली नंबर लावलाय.)

अठरा वर्षं इन्स्पेक्शनमध्ये काढलेला माणूस एक पिशवी निवडू शकत नाही?

संकल्प: पिशवी मी निवडणार. गुरुवार १२ पर्यंत. आवाज न चढवता.

मंगळवार, ३ जुलै

आवाज चढला. कारण सुहासिनी.

ड्रॉइंग केलं. पूर्ण मापाचं, तिन्ही बाजूंनी. पद्माला दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, बाबा, हे यंत्र आहे का? आणि आईकडे बघून हसली. मी ड्रॉइंग गुंडाळून ठेवलं. वापरणाऱ्याचं मत ट्रायलनंतर घ्यायचं असतं, आधी नाही.

तोवर ती डबा कशातून नेते, विचारलं नाही. तात्पुरती सोय घरच्यांनी बघावी.

गुरुवार, ५ जुलै. कंपनीची सुट्टी

पिंपरी कॅम्पात बाजार पाहणी. अकरा पिशव्या तपासल्या, अकराही नापास. एकीची शिवण दोन बोटांनी ओढली तर उसवली. दुकानदार म्हणाला, दोन बोटांनी नाही, पाय लावून ओढलीत. खोटं. गुडघा होता. दुसऱ्या दुकानात पिशवीत तांब्याभर पाणी ओतून पाहिलं. ते गळून त्याच्या वहीवर गेलं. त्यानं मला बाहेर काढलं. गिऱ्हाइकाशी बोलायची रीतच राहिलेली नाही.

सुहासिनीच्या बोटांवर बारीक चिरा दिसल्या. विचारलं. भांडी, म्हणाली.

शुक्रवार, ६ जुलै

माणूस मिळाला. काळेवाडीचा कादर. स्कूटरच्या सीटा शिवतो, पत्र्याच्या टपरीत. त्याची शिवण मी सहा महिने पार्किंगमध्ये बघतोय, दौलतरावांच्या स्कूटरवर. माणूस वाईट असला तरी सीट चांगली आहे.

कादर म्हणाला, साहेब, मी सीट शिवतो, डब्याची पिशवी कधी शिवली नाय. मी म्हणालो, जी सीट दोन माणसं पेलते ती एक डबा पेलणार नाही? तो म्हणाला, पेलेल हो, पण पोरगी काय त्याच्यावर बसणार हाय का? टपरीतली दोन माणसं हसली. मी दुर्लक्ष केलं.

मग विचारतो, पोरीला रंग कुठला आवडतो? ज्याला त्याला हेच पडलंय. चॉकलेटी सांगितला. मळ दिसत नाही.

मंगळवार, १० जुलै

दौलतरावांना कळलं. कादरनंच सांगितलं असणार. हा माणूस मेंटेनन्सला आहे, महिनाभर रात्रपाळी. त्यामुळे दिवसभर घरी, आणि सगळ्या बिल्डिंगमध्ये नाक. जिन्याखाली भेटले. म्हणाले, राव, अभिनंदन! नंबर लागला म्हणायचा. आधी सीट आली, आता मागनं स्कूटर येईल!

उत्तर सुचलं, पण दुसऱ्या मजल्यावर पोचल्यावर. तिथून ओरडून सांगणं बरं दिसलं नसतं.

संकल्प: या माणसाशी आयुष्यात बोलायचं नाही.

गुरुवार, १२ जुलै. सुट्टी

पिशवी आली. ठरलेल्या दिवशी. (हे कोणीही बोलून दाखवलं नाही.)

चॉकलेटी रेक्झिन, आत फोम, कडेला पांढरी पायपिंग, दुहेरी शिवण. रिकामं वजन एक किलो आठशे. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून आत वीट घालून खाली टाकली. विटेचे तीन तुकडे. पिशवीला ओरखडा नाही. स्कूटरपासून चांगली दीड हात लांब पडली, तरी दौलतराव झोपेतून उठून लुंगीवर बाहेर आले आणि नाही नाही ते बोलले. बोललो नाही. संकल्प पाळला.

किरकोळ बाब: नेहमीचा तीन पुडाचा डबा आत जात नाही. मी मापं बाहेरून दिली होती, कादरनं चारी बाजूंनी फोम आत घातला. काळेवाडीला जाऊन जाब विचारला. म्हणाला, कागदावर आतलं माप का बाहेरचं, कुठं लिवलंय दाखवा. लिहिलेलं नव्हतं. पण अनुभवी कारागिराला कळायला हवं. चूक कादरची.

पिशवी बदलायची गरज नाही. डबा बदलला. कपाटामागे एक गोल डबी होती, ती बरोब्बर बसते. पोळीच्या चार घड्या घातल्या की दीड पोळी आणि थोडी कोरडी भाजी मावते.

सुहासिनी म्हणाली, पिशवीच्या मापानं पोरीचं पोट कापून आणू का?

असल्या बोलण्याला उत्तर द्यायचं नसतं. दिलं. नंतर जेवलो नाही. नंतर जेवलो.

पद्मानं पिशवी हातात घेतली, खाली ठेवली, आणि म्हणाली, ठीक आहे बाबा, नेईन. इतकंच. मला माहीत होतं तिला आवडेल.

शुक्रवार, १३ जुलै

ट्रायलचा पहिला दिवस. कंपनीतून आल्याआल्या पिशवी भिंगातून तपासली. तेलाचा थेंब नाही. डबी रिकामी, पुसून लख्ख.

सुहासिनीला भिंग देऊ केलं. तिनं घेतलं नाही.

सोमवार, १६ जुलै

मुद्दाम कारलं द्यायला लावलं. पद्मा जन्मात कारलं खात नाही. डबी रिकामी!

चौदा वर्षं आईनं समजावून जे झालं नाही, ते एका पिशवीनं केलं. सुहासिनीला हे सांगितलं. ती तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली. रडली असावी. खांदे हलत होते.

गुरुवार, १९ जुलै. सुट्टी

आज पद्माला शाळेला जाताना गॅलरीतून पाहिलं. पिशवी अंगापासून लांब धरून जिना उतरली. जिन्याखाली पाचेक मिनिटं थांबली, पट्टा नीट करत असावी. नंतर झाडाआड गेली, नीट दिसली नाही.

संध्याकाळच्या तपासणीत दोन दोष. पिशवी वरून चपटी झालेली, जसं काही तिच्यावर रोज कुणीतरी वजन ठेवतंय. दप्तरं. दुसरा: अस्तरावर काळं ग्रीस आणि तळाशी लोखंडी वायसर, तीन अष्टमांश इंची.

शाळेत वायसर कुठून येतो? बाकाचा. बाकं खिळखिळी आहेत आणि कुणीतरी ग्रीस थापून वेळ मारून नेतंय. मुख्याध्यापकांना दोन पानी पत्र लिहिलं. वायसर सोबत जोडला.

सोमवार, २३ जुलै

मुख्याध्यापकांचं उत्तर गोजाबाई घेऊन आल्या. आमची सर्व बाकं लाकडी आहेत, वायसर परत पाठवत आहे. उद्धट माणूस.

गोजाबाईंनी मात्र स्वतःहून सांगितलं: पोरगी आता पोटभर जेवती, बाई खुश हायेत, नाव पक्कं झालं. सुहासिनी त्यांना घाईघाईनं आत घेऊन गेली. चहा. पुन्हा माझा कप.

पद्माला चिंचवड स्टेशनवरच्या काट्यावर उभं केलं. एक किलोनं वाढली. दीड पोळीत! म्हणजे योग्य पिशवीत अन्नाचा कस टिकतो. काट्याच्या तिकिटावर छापलं होतं, आपल्या परिश्रमांची लवकरच दखल घेतली जाईल. तिकीट मी ठेवून घेतलं. वजन तिचं आहे, परिश्रम माझे.

परत येताना तिला खो-खोबद्दल काहीतरी सांगायचं होतं. मी तिला दुहेरी शिवणीबद्दल सांगत होतो. मग ती गप्प झाली. लहान असताना शाळेतून आली की आधी माझ्याकडे यायची, सगळं सांगायची. वय आहे.

सोमवार, ३० जुलै

काळेवाडीवरून येताना कादरनं हाक मारली. साहेब, तुमच्या पिशवीला सहा ऑर्डरी आल्या. सगळे गॅरेजवाले. गॅरेजवाल्यांनाही मुली असतात. चांगल्या वस्तूची किंमत शेवटी कष्टकऱ्यांनाच कळते, दौलतरावांसारख्यांना नाही.

दौलतराव हल्ली मला पाहून आदरानं बाजूला होतात. काल म्हणाले, वहिनींच्या हातची मेथी काय असते राव! वास वरून खालपर्यंत जात असणार. उत्तर दिलं नाही.

कंपनीच्या अंकासाठी लेख सुरू केला: 'डबा-पिशवी: एक शास्त्रीय निवड'. तीन पानं झाली. चौथ्या पानावर कादरची चूक येईल.

शनिवार, ४ ऑगस्ट. संध्याकाळी ७.१५

पद्माचा संघ जिंकला. पहिल्या डावात ती सात मिनिटं सापडली नाही. हे मला पुन्हा गोजाबाईंकडूनच कळलं. मी गेलो नव्हतो. कंपनीत होतो. शिवाय या म्हणून कोणी म्हटलं नव्हतं.

गोजाबाई आल्या त्या पद्माची विसरलेली डब्याची पिशवी द्यायला. मैदानावर ऱ्हायली व्हती म्हणाल्या, आणि निळ्या-पांढऱ्या वायरची पिशवी पुढे केली. आत तीन पुडाचा डबा.

मी सांगितलं, ही आमची नाही. आमची चॉकलेटी आहे, रेक्झिनची.

बाई म्हणाल्या, मंग म्हैनाभर हिच्यातनं जेवती ती कोन?

मी भिंग घ्यायला उठलो आणि मग बसलो.

हकीकत अशी. वायरची पिशवी सुहासिनीनं ५ आणि ६ जुलैला विणली. माझी आल्यापासून पद्मा रोज घरातून माझी पिशवी घेऊन निघते, खाली दौलतरावांकडे ठेवते आणि तिथून सुहासिनीनं आधीच भरून ठेवलेली वायरची घेऊन शाळेत जाते. येताना उलट. दौलतराव दुपारी स्कूटर उघडून बसतात तेव्हा माझ्या पिशवीवर बसतात. जमिनीचा गारवा लागत नाही म्हणे. पाने-पकडी तिच्यातच ठेवतात. डबीतली दीड पोळीही तेच खातात. कारलं त्यांना फार आवडतं.

मी पद्माला म्हणालो, खोटं बोललीस. ती म्हणाली, नाही बाबा. डबा कशातून खातेस असं तुम्ही विचारलंच नाहीत. काहीच विचारलं नाहीत.

हे खोटं आहे हे सिद्ध करण्यासाठी ही वही पहिल्या पानापासून तपासली.

रविवार, ५ ऑगस्ट. संध्याकाळी ७

गोजाबाईंनी काल जाताना सांगितलेलं, नोंदीपुरतं: जिल्ह्याचे सामने १९ तारखेला. पद्माचं नाव यादीत पहिलं आहे.

मी बघायला आलो तर चालेल का, असं तिला विचारलं. पहिल्यांदाच काही विचारल्यासारखं ती बघत राहिली. म्हणाली, सांगते. मग दारातून मागे वळून म्हणाली, पण भिंग आणायचं नाही.

दौलतरावांकडून पिशवी परत मागवली. त्यांनी पाठवली, पण निरोप दिला की दुपारच्या वेळी लागेल, राव, सवय झालीय बसायची.

लेखाची तीन पानं बाजूला ठेवली. चौथ्या पानावरची चूक आता कादरची नसेल.

सुहासिनी म्हणाली, अठरा वर्षांच्या अनुभवातून झालेली वस्तू माळ्यावर टाकायला माझं मन होत नाही. त्यामुळे उद्या सोमवारपासून कंपनीत माझा डबा चॉकलेटी पिशवीतून जाणार. माप तेच आहे. उद्या दुपारी साडेबारा वाजता, कँटीनमध्ये, सगळ्या इन्स्पेक्शनसमोर: दीड पोळी, चार घड्यांची. आणि कारलं.