अप्पा, तुमचा हात मीच खाली केला

प्रिय अप्पा,

तुम्ही जाऊन आठ महिने झाले. या रविवारी पुन्हा ती ऑनलाइन शिक्षण परिषद आहे आणि मॉडरेटर म्हणून पुन्हा माझंच नाव टाकलंय. आज दुपारी त्याची तालीम झाली. कान दुखतायत, डोळे चुरचुरतायत. तरी लिहायला बसले, ते काल आई जे बोलली त्यामुळं.

थकले हो अप्पा. शाळा, स्वयंपाक, त्यात ह्या लष्कराच्या भाकरी! मिळतं काय, तर प्रमाणपत्र. पण ‘नाही’ म्हणायला जीभच रेटत नाही. कुणावर गेले मी? तुमच्यावरच! कंपनीतली पाळी संपवून घरी आलात, आणि बजाजनगरात कुणाच्या लेकराचा शाळेचा फॉर्म भरायचाय म्हटलं, की पुन्हा पायात चप्पल. आई कावायची, “घरच्यांनी काय घोडं मारलंय तुमचं?”

गेल्या परिषदेला तुम्ही फोन केलात. “लिंक धाड माय. मागं बसून ऐकतो. तुला काय तरास देत नाय.” मी धाडली. तुम्ही सगळ्यांच्या आधी हजर! चॅटमध्ये लिहिलंत, ‘सर्वांना जय भीम.’ मला बरं वाटलं. आणि खोटं कशाला सांगू, जरा अवघडल्यासारखंही झालं. केवढाले अधिकारी, प्राचार्य होते तिथं.

प्रमुख पाहुणे काही आवरेनात. वेळ संपत आलेली. तेवढ्यात मॉडरेटरांच्या ग्रुपवर निरोप आला, ‘प्रश्न फक्त शिक्षकांचे घ्या, बाकी कुणाचे नकोत.’ आणि नेमका तुमच्या नावापुढं प्रश्न विचारायचा तो पिवळा हात वर आला.

मला वाटलं, चुकून दाबलं गेलं. मॉडरेटरला दुसऱ्याचा हात खाली करता येतो, हे तुम्हाला ठाऊक नसेल. एक बटण असतं. मी ते दाबलं. हात पुन्हा वर! पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा वर आला तेव्हा मला कळलं होतं अप्पा, की हे चुकून नाही. तरी दाबलं. मग तुम्ही पुन्हा हात वर केला नाहीत.

संध्याकाळी तुमचाच फोन. “लई झ्याक बोललीस माय! एकदा बी अडखळली नायस.”

मी म्हटलं, “अप्पा, तुमचा हात चुकून वर होत होता.”

“व्हय, असंल. अंगठा जाड हाय माझा.”

लेकीनं केलं ते तुम्ही स्वतःच्या अंगठ्यावर घेतलंत! का हो? एकदा रागवायचं होतं. ‘सुमे, बापालाच गप करतीस?’ एवढं जरी म्हणाला असतात, तर मी रडून मोकळी झाले असते. काय विचारायचं होतं तेही विचारलं असतं. पुढच्या खेपेला निवांत विचारू, असं म्हणत राहिले. आणि तुम्ही बसल्या जागी गेलात.

काल आई माझ्याकडं गारखेड्याला आली. परिषदेचं ऐकून म्हणाली, “औंदा तरी त्यांचा प्रश्न घ्यायचा व्हता, पर ते कुठं हायेत आता?”

“कोणता प्रश्न गं?”

“अगं, घोकून ठेवला व्हता त्यांनी. मला दोनदा म्हणून दाखवला. ‘कंपनीत फोन गेटवर जमा करावा लागतो. कितीक घरात फोन तेवढा एकच. मास्तर लोक दुपारी फोनवर अभ्यास टाकतेत. फोन तिकडं लॉकरमधी, लेकरू इकडं घरी. बाप येईस्तोवर ते झोपलेलं. अन् सकाळी त्यालाच उभं करतेत. मग चूक कुणाची?’”

माझ्या हातातला चहा तसाच राहिला, अप्पा. माझ्या वर्गात एक मुलगी आहे. बाप वाळूजला कंपनीत, दुसऱ्या पाळीत. तिचा अभ्यास कधीच झालेला नसतो. परवाच तिच्या वहीवर मी लाल पेनानं ‘निष्काळजी’ लिहिलं. आणि अभ्यास मी टाकते कधी? दुपारी तीनला!

आपली लेकही त्या मास्तर लोकांतलीच एक आहे, हे तुम्हाला माहीत होतं का? असणारच. म्हणूनच तर तीन-तीनदा हात वर केलात.

मला तुमची लई आठवण येते. आणि स्वतःची लाजही वाटते.

आता शब्द देते. उद्या सकाळी त्या मुलीला जवळ बोलवीन, तो शब्द तिच्यासमोर खोडीन आणि तिची माफी मागीन. अभ्यास यापुढं वर्गातच, फळ्यावर. आणि रविवारी पाहुण्यांच्या स्वागताआधी तुमचा प्रश्न तुमचं नाव घेऊन वाचीन. ग्रुपवर किती निरोप यायचे ते येऊ देत. पुन्हा बोलावलं नाही तर बरंच, तेवढाच आराम! उत्तरासाठी मात्र कुणा पाहुण्याकडं बघणार नाही. पहिलं उत्तर मीच देईन. चूक माझी होती.

तुमची,
सुमी