बेल कधी वाजवावी

ता. ३ मार्च

ती. मामांस,
ठमीचा शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण, आमचे मोठे डॉक्टर. दवाखान्यातल्या सगळ्या पाट्या ते स्वतः इंग्रजीत लिहितात, मी टाइप करते. परवाची पाटी प्रत्येक खाटेमागे लागली: ‘डू नॉट रिंग द बेल अनलेस यू आर नॉट इन पेन.’ म्हणजे दुखत नसेल तरच बेल वाजवा! मी भीत भीत म्हटलं की ‘अनलेस’च्या पोटात एक ‘नाही’ आधीच असतो, दुसरा नको. त्यावर म्हणाले, टायपिस्टनं बोटं चालवावीत, जीभ नाही. नोकरी प्यारी, म्हणून गिळलं.

तुम्ही हर्निया आणखी किती दिवस पोसणार? डॉक्टरांचं इंग्रजी लंगडं असलं तरी हात सोन्याचा आहे. या.

जगाच्या चुका काढून सवड उरलीच, तर आमच्यावरही लोभ करावा.

तुमची,
ठमी

ता. ९ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

पाटी वाचून पोट धरून हसलो. हर्नियावाल्यानं असं हसू नये. चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण इतकी गुटगुटीत चूक एकाही कार्ट्यानं केली नाही. वर, अर्थ कळला की झालं, असं म्हणत असतील! सोमवारी येतो. पोट त्यांनी दुरुस्त करावं, पाटी मी करीन. तू मधे कडमडू नकोस.

लोभ आहेच, तो स्वल्पविरामासारखा जागच्या जागी ठेव.

मामा

ता. १९ मार्च

ती. आईस,
ठमीचा सा. न. वि. वि.

घाबरू नकोस, तुझा भाऊ जिवंत आहे. ऑपरेशन छान झालं. दुपारी मामांना कळा सुरू झाल्या. बेल हाताशी, तरी हे दोन तास दात आवळून पडून! नर्स फेरीला आली तर चादर लाल. एक टाका उसवला होता. ती ओरडली की बेल का नाही वाजवली. मामांनी पाटीकडे बोट केलं आणि क्षीण आवाजात सांगितलं की मला दुखत होतं, त्यामुळे परवानगी नव्हती.

डॉक्टर धावत आले, पुन्हा टाका घातला. इंजेक्शननं कळ थांबताच मामांनी बेल दाबली ती सोडेचनात. आता दुखत नाही, आता हक्क आहे, म्हणे! अख्खा वॉर्ड गोळा झाला. शेजारच्या खाटेवरच्या आजी म्हणाल्या, त्यांना इंग्रजी वाचता येत नाही तेच बरं, त्या हवं तेव्हा वाजवतात. डॉक्टरांनी पाटी चार वेळा वाचली. चेहरा पांढराफटक.

मामांना खरमरीत पत्र लिही. माझ्यावर मात्र रागावू नकोस.

तुझी,
ठमी

ता. २ एप्रिल

चि. ठमीस,
अ. उ. आ.

घरी सुखरूप पोचलो. ताईचं पत्र आलं. त्यात मला गाढव म्हटलंय आणि शुद्धलेखन निर्दोष आहे, त्यामुळे बोलायला जागा नाही.

तुला खरं सांगतो. पहिला अर्धा तास मी मुद्दाम बेल दाबली नाही. म्हटलं, जिरवूच. मग ओल जाणवली, हात बेलपर्यंत जाईना, आणि अशी टरकली की सगळं व्याकरण विसरलो. तुम्हा सगळ्यांसमोर ते कबूल करवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर एकटेच आले. सगळ्या पाट्या त्यांनी स्वतः उतरवल्या होत्या. स्टुलावर बसले. टायपिस्टचं ऐकायला हवं होतं, म्हणाले. आणि माझा हात धरून इंग्रजीत म्हणाले, ‘सर, आय वॉज हॅविंग टू मच फिअर.’

ठमे, एवढ्याशा वाक्यात दोन चुका. ओठांवर आल्या होत्या. मी म्हटलं, ‘मी टू.’

आता पाट्या लिहायचं काम तुझ्याकडे येणार असं कानावर आलंय. लोभ असावा, आणि हे पत्र ताईला दाखवू नये.

मामा