मांडवातला शंभर वॉटचा दिवा

३ एप्रिल, गुरुवार

दिसत नाही! सगळी मेहनत पाण्यात. माळ्यावरून आण्णांचा प्रोजेक्टर काढला, पुसला, पट्टा बदलला, चाललासुद्धा. पण हॉलमधली ट्यूब लावली की भिंतीवर चित्र नाही, चहाचा डाग! अंधारात छान दिसतं. पण अंधार करायचा नाही ना. हळदीच्या मांडवात दिवे मालवत नाहीत आमच्याकडे. अपशकुन.

जितेशला फोन केला तर तो उखडला. धाकटा भाऊ आहे, पण हल्ली नवरीचा बाप झाल्यापासून चढलाय. "ताई, हळदीला शिनेमा कशाला? डीजे सांगितलाय ना!" मीही आवाज चढवला. सव्वीसला अक्षदाची हळद. आता माघार नाही.

४ एप्रिल

काल रागात नुसतं भांडण लिहून ठेवलं. हे सगळं कशासाठी, तेही लिहून ठेवते.

बनूआत्या धवलारीण. आमच्या खरवई गावात हळदीच्या विधीची गाणी, म्हणजे धवले, तिनेच गायचे, तिच्याआधी तिच्या आईने — आमच्या वेणूआजीने. गेल्या साली भावकीतल्या यज्ञेशच्या हळदीत आत्या मध्येच अडली. शब्दच सुचेनात. बाया पदर तोंडाला लावून हसल्या, डीजेवाल्याने लगेच गाणं सुरू केलं. आत्या पाटावरून उठून गेली, ती जेवलीसुद्धा नाही. आता जितेश म्हणतो, दुसरी धवलारीण आणू, परत शोभा नको. हे आत्याने ऐकलं. दुसऱ्या दिवशी रिक्षा करून एकटी कात्रपला माझ्याकडे आली. "विनू, मांडवात आन्नाची मशीन लाव गो. मंग मना सगला आठवंल."

आण्णा — माझे वडील — जहाजावर होते. तिकडून कॅमेरा आणि हा प्रोजेक्टर घेऊन आले होते; आत्याच्या लेखी दोन्ही 'आन्नाची मशीन'च. अठ्ठ्याहत्तर साली आत्याच्या हळदीचं रीळ त्यांनी काढलं. त्यात वेणूआजी धवला गातेय. मुकी फिल्म, पण ओठ हलतात. ओठ दिसले की आत्याला शब्द आठवणार. सरळ आहे. म्हणून उजेड हवा.

नरेंद्र म्हणाला, मोबाइलवर उतरवून मोठ्या टीव्हीवर लावू, काम खल्लास. माझा नवरा, त्याला सगळी कामं खल्लास करायची असतात. आत्याला विचारलं. "टीवी नको. आन्नाचीच मशीन." मग म्हटलं, घरी एकदा रीळ लावून बघ, गाऊन बघ. तर डोळे वटारले! "मांडव नाय, हलद नाय, नी धवला बोलाचा? नाय गो बाय." म्हणजे तालीम नाही. जे काय व्हायचं ते मांडवातच. 

६ एप्रिल, रविवार

उल्हासनगर, कॅम्प तीन. दुपार गेली. मशीनच्या आत जुना दिवा आहे आठ व्होल्ट, पन्नास वॉटचा. तसाच नवा मिळत होता. दुकानाचे शेठ म्हणाले, "बेटी, यही लगाओ, सेफ है." मी म्हटलं, "मेरे को ज्यादा उजेड मंगता." ते हसले. "उजाला मिलेगा, पर गरमी भी साथ आएगी. एक पे एक फ्री!"

आणला. बारा व्होल्ट, शंभर वॉट, मागे स्वतःचाच आरसा असलेला. घरी येऊन घाईघाईत तारा जोडल्या, तर उजेड पहिल्यापेक्षा कमी! पिवळा, आजारी. मशीन आठच व्होल्ट देतं हे विसरले. आठवीला विज्ञान शिकवते मी. शाबास बाई!

९ एप्रिल

नरेंद्रने एलईडी आणून बसवला. "थंडगार, फिल्मला धक्का नाही." मधोमध झगझगीत गोल, कडेला काळोख. भिंगाच्या मापात बसत नाही तो. आजीचं रीळ लावायचा धीर झाला नाही, आण्णांचं समुद्राचं लावलं. (आण्णांनी नुसत्या समुद्राची किती रिळं काढली! आई वैतागायची.) निळसर, मेल्यासारखा समुद्र. काढून टाकला. नरेंद्र रुसलाय. रुसू दे.

१२ एप्रिल, शनिवार

अंबरनाथहून बारा व्होल्टचा वेगळा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून आणला. पत्रा कापून दिव्याची बैठक केली, भिंगासमोर नीट मधोमध आणली. मग ट्यूब चालू, पंखा चालू, खिडक्या सताड उघड्या — आणि बटण दाबलं. समुद्र! लाटांचा फेस दिसला! मी हॉलमध्ये एकटीच ओरडले.

मग भीती घालवायला एक वाया गेलेला तुकडा मुद्दाम थांबवून बघितला. पापणी लवायच्या आत तपकिरी, बुडबुडा, भोक. भीती गेली नाहीच, घर करून बसली. फिल्म चालत असेल तोवर ठीक. अडकली की संपलं.

१३ एप्रिल

आजीचं रीळ हाताने उलगडून तपासलं. आजी दिसायला लागल्यावर थोडं पुढे एक सांधा आहे, आण्णांनी चिकटपट्टीने जोडलेला. बोट फिरवलं. बरा वाटतो.

रेशनकार्डावरचा एक पुसट फोटो सोडला तर आजी जगात फक्त इथेच आहे. मोबाइलवर उतरवून ठेवायला हवं, पण त्यासाठी आधी एकदा चालवायला हवं, आणि तो धीर नाही; हळदीनंतर बघू.

१५ एप्रिल

पन्नास की शंभर? मुलांचे पेपर तपासताना एकाला पन्नासपैकी शंभर दिले!

१८ एप्रिल, शुक्रवार

कॉम्प्युटरमधला छोटा पंखा दिव्यामागे लावला. कटकट फार होते म्हणून मशीनभोवती प्लायवूडची पेटी केली, आत फोम. आता कुजबुजल्यासारखं चालतं. आत्याला दाखवायला बोलावलं. समुद्र बघून खूश होईल वाटलं. ती पेटीकडेच बघत बसली.

"मशीन यवरी गप कशी?"

"तुझं गाणं ऐकू यायला नको का, आत्या?"

उठून पेटीवर हात फिरवला. चहाही अर्धाच घेतला. घाबरलीय बिचारी. मीही घाबरलेय, पण मला घाबरून चालणार नाही.

२१ एप्रिल

जितेश आला. पत्रिका द्यायचं निमित्त, यायचं होतं भांडायला. दिव्याला हात लावून बघितला, चटका बसला, मग तर विचारूच नका. "आजीला जालशील, ताई! जुनाच दिवा लाव." मी म्हटलं, जुन्याने दिसणार नाही, आत्या पुन्हा अडेल. तर म्हणतो, "अडली तं अडली! मान्सा दोन दिवस बोलतील नी विसरतील. आजी गेली तं परत येल का?" डोळ्यात पाणी होतं त्याच्या. मला वाटायचं त्याला फक्त डीजेची पडलीय.

मी म्हटलं, बरं, पन्नासचाच लावते.

खोटं बोलले. आत्याचं पाटावरून उठून जाणं त्याने पाठीमागून बघितलं, मी समोरून बघितलंय.

२५ एप्रिल

मांडवात पडदा बांधून आले. शंभरचाच दिवा बसवलाय. 

२८ एप्रिल, सोमवार

लग्न पार पडलं. अक्षदा गेली सासरी. आता लिहिते.

शनिवारी संध्याकाळी मांडव भरलेला. माळा, फोकस, सगळं ढणढण पेटलेलं. डीजेला मी स्वतः जाऊन गप्प केलं. मशीन सुरू केलं, तर रिळाच्या सुरुवातीच्या कोऱ्या पट्टीतच पेटी तापून फोमचा वास यायला लागला. झटकन पेटी उचलून बाजूला फेकली. कटकटकटकट — सगळा मांडव दणाणला! मी मनात म्हटलं, मेले. आता आत्याचं गाणं काय ऐकू येणार?

आणि पडद्यावर वेणूआजी. केवढी स्पष्ट! नाकातली नथ, कपाळावरची हळद, हलणारे ओठ. म्हाताऱ्या बाया उभ्या राहिल्या. कोणीतरी "आय गो!" म्हणून रडायलाच लागलं. आत्या माझ्यापुढे पाटावर, पाठमोरी. तिने पदर पुढे ओढला. मग तिने धवला उचलला. आवाज कापरा, पण शब्द खणखणीत. एकापुढे एक कडवी येत गेली, जिथे गेल्या साली अडली ते कडवंही आलं आणि गेलं. मला रडू फुटलं, म्हणून क्षणभर नजर हलली.

सांधा मशीनच्या दारात, दिव्यासमोरच अडकला. आजीच्या गालावर तपकिरी डाग. मग ओठ गेले. मी बटणावर हात मारला तोवर सगळा चेहरा बुडबुड होऊन पांढरा झाला होता. दिवा विझला, मोटर मात्र कटकटत राहिली. जितेश धावत आला, मोटरची वायर ओढायला हात घातला — आणि थांबला. आत्या गातच होती. पडद्यावर काही नव्हतं आणि आत्या गातच होती! शेवटच्या कडव्यापर्यंत. मागून बाया साथीला लागल्या. अक्षदाला हळद लागली.

धवला गाजला. आत्याच्या पाया पडायला रांग. जितेश माझ्याशी बोललेला नाही. पाठवणीच्या वेळीसुद्धा नाही. दारातून आधी निघून गेलेली फिल्मही सुटून तापलेल्या दिव्यावर पडली होती; तो सगळा जळलेला तुकडा कापून डबीत ठेवलाय. आजीचा चेहरा नीट दिसेल अशी एकही चौकट उरलेली नाही. पुढे नुसती पाठ, मांडव, माणसं.

मी जाळली तिला. आत्यासाठी जाळली, असं म्हणत राहते. त्याने थोडं बरं वाटतं.

३० एप्रिल, बुधवार

हळदीचे फोटो आले. एका फोटोत पडद्यावर आजी, लखलखीत — आणि पुढे पाटावर आत्या. पदर पुढे, मान खाली, डोळे मिटलेले. पुढच्या फोटोतही मिटलेले. त्याच्या पुढच्यातही! तशीच खरवईला गेले. आत्या पापड वाळत घालत होती. म्हटलं, आत्या, तू आजीकडे बघितलंच नाहीस?

"कशाला बगू? मी तवा नवरी व्हती गो. डोक्यावं पदर, मान खाली. आयचा तोंड मी तवा पन नाय बगला. आयचा आवाज, नी बाजूला आन्नाची मशीन अशीच कटकट करं — यवराच मना ठाव."