कॉफीच्या रांगेतून आलेलं मत

न्यूयॉर्क, ९ नोव्हेंबर

आदरणीय टांटी फिलोमेन,

तुला आणि तुझ्या डाव्या गुडघ्याला तुझ्या भाचीचा नमस्कार. बाबांचा खोकला, शेळीचं बाळंतपण आणि नव्या पाद्रीबाबांचं प्रवचन ही तिन्ही लवकर आटोपली असतील अशी आशा आहे. माझी तब्येत उत्तम आहे. झोप, भूक आणि उजव्या हाताचं पहिलं बोट एवढं सोडून.

रेडिओवर तू काय ऐकलंस कोण जाणे, म्हणून पहिल्यापासून सांगते. आपल्या सेंट ओडीलच्या इथल्या कचेरीत आम्ही दोघंच, राजदूत हिप्पोलाइट साहेब आणि मी. बेट अठरा हजार माणसांचं, पण संयुक्त राष्ट्रांत आपलं मत सगळ्यात मोठ्या देशाच्या मताएवढंच भरतं. त्यामुळे ठरावांचा मोसम आला की उपवर मुलीसारखी आमची चौकशी सुरू होते. या वेळचा ठराव असा की एका मोठ्या देशाने लिहिण्या-बोलण्याबद्दल तुरुंगात टाकलेली माणसं सोडावीत. (देशाचं नाव लिहीत नाही. आपल्या पोस्टमास्तरीण बाई पत्रं वाचतात हे तुला ठाऊक आहेच. बाई, नमस्कार.) आणि हाच मोठा देश आपल्या मासळीबाजाराला बर्फाचा कारखाना बांधून देणार आहे, ज्याच्या पायाभरणीला मासे विकणाऱ्या बायकांच्या संघाची अध्यक्ष म्हणून तू स्वतः नीरफणसाचे काप तळलेस.

तर मोठ्या देशाचे सचिव एक दिवस पेअरची टोपली घेऊन आले. उंच, मृदू, रुमालाला इस्त्री केलेले गृहस्थ. मी एकही पेअर खाल्लं नाही (साहेबांनी नऊ खाल्ली), पण टोपली घरात आली होती आणि आपल्याकडे आलेलं भांडं रिकामं परत जात नाही. मी रम घातलेला काळा केक भाजला, आपल्या निळ्या काठाच्या ताटलीत ठेवला आणि ताटली टोपलीत घालून पोचवून आले. दोन दिवसांनी ठराव मांडणाऱ्या देशांच्या प्रतिनिधी बाई चीज घेऊन आल्या. त्यांची थाळी खोबऱ्याच्या वड्या भरून परत केली. मला वाटलं, झाली फेड. मला कुणी सांगितलंच नव्हतं की इथे पाहुणचार परत आला की मत मिळालं असं धरतात. दोघांनीही आपापल्या यादीत आपल्या बेटाचं नाव शाईने लिहिलं. त्यांनी विरोधात, यांनी बाजूने.

साहेबांचं धोरण मात्र तिसरंच होतं. ते म्हणतात, गैरहजेरी हे लहान देशांचं आरमार आहे. मतदानाच्या दिवशी त्यांची दाढ दुखते (गेल्या वर्षी चार वेळा दुखली) आणि मी कॉफी प्यायला जायचं. मी गेले. रांगेत माझ्यासारखेच सात बेटांचे प्रतिनिधी उभे होते, सगळ्यांच्या हातात भरलेले पेले, आणि रांग पुढे सरकू नये म्हणून सगळेच झटत होते. एक पॅसिफिककडचे आजोबा दहा मिनिटं साखर ढवळत होते. साखर त्यांनी घातलीच नव्हती.

तेवढ्यात सचिव आले आणि वाकून हळूच म्हणाले, "केक घरच्यांनाही फार आवडला हं, ताई. लाल बटण." ते वळतात न वळतात तोच त्या बाई आल्या. "वड्या आमच्या साहेबांनी एकट्यांनी संपवल्या. हिरवं, बरं का गं?"

टांटी, मी न दिलेला शब्द दोघांनी घेतला होता, आणि आता रांगेत उभं राहणं म्हणजे दोघांनाही फसवणं. मी साहेबांना फोन लावला. खोट्या दाढदुखीसाठी ते खऱ्या दंतवैद्याकडे गेले होते, आणि त्याला खरोखरच एक किडलेली दाढ सापडली होती. मी विचारलं, रांगेतच थांबू का? ते म्हणाले, "आ." आत जाऊ का? "आ." कुठलं बटण? यावर फार लांब "आ" आला आणि मग यंत्राचा आवाज.

मी सभागृहात जाऊन बसले. मतदानाला वेळ होता म्हणून ठराव वाचला. (ठराव वाचणं इथे जरा गावंढळ समजतात.) शेवटच्या पानावर कैद्यांची नावं होती. चौथं नाव एका बाईचं. गुन्हा काय, तर शेजारची मुलं स्वतःच्या स्वयंपाकघरात बसवून त्यांच्याच भाषेत वाचायला शिकवत होती. शिक्षा नऊ वर्षं. टांटी, मी शाळेचं तोंड पाहिलं ते आठव्या वर्षी. तोवर तुझ्या ओट्याखाली, माशांचे खवले अंगावर झेलत, अक्षरं गिरवली. तुला कुणी नऊ वर्षांसाठी नेलं असतं तर मी अजून अर्ध्या मुळाक्षरांवर असते. मी हिरवं दाबलं. शंका नको म्हणून पुन्हा दाबलं.

ठराव भरघोस मतांनी मंजूर झाला. आपल्या मताची तशी गरजही नव्हती. दुसऱ्या दिवशी निळ्या काठाची ताटली परत आली. स्वच्छ घासलेली आणि रिकामी.

मग आपले परराष्ट्रमंत्री सॅटर्निन यांचा फोन आला. ते ओरडले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. म्हणाले, इथे एक जुनी सोय आहे: मत दिल्यावरही चिठ्ठी देता येते की आमचा हेतू तटस्थ राहण्याचा होता. मतांची बेरीज बदलत नाही, खाली बारीक अक्षरात नोंद होते, आणि तेवढ्यावर मोठा देश बर्फाचा कारखाना देतो, नाहीतर नाही. मी म्हटलं, पण हेतू हिरव्याचाच होता, दोनदा होता, हे खोटं होईल.

"खोटं नसतं गं ते, युलाली," मंत्री म्हणाले, "तळटीप असते."

महिनाअखेरपर्यंत चिठ्ठी द्यायची, नाहीतर सामान बांधायचं.

बाकी सर्व क्षेम. सर्वांना माझी आठवण सांग.

तुझी,
युलाली

ता. क. खरं तर पत्र याच्यासाठीच होतं. सॅटर्निनही तुझ्याच ओट्याखाली पाढे शिकले, आणि तू दिसलीस की अजून रस्ता बदलतात. त्यांना रविवारी मासे खायला बोलाव आणि समजाव. पण अकरा वर्षं बर्फासाठी तू भांडते आहेस, आणि दुपारी बारानंतर मासळीचं काय होतं ते मला ठाऊक आहे. म्हणून तू "चिठ्ठी दे" म्हणालीस तर मी देईन. तुझ्या उत्तराची वाट बघते.

ता. ता. क. वरचं सकाळी लिहिलं. दुपारी फक्त चिठ्ठीचा कागद कसा असतो ते बघायला संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीत गेले. छापील असतो, एकच जागा कोरी: "आमच्या शिष्टमंडळाचा हेतू असा होता." कोरी जागा मला बघवत नाही हे तुला माहीत आहे. मी लिहिलं, "हिरवं दाबण्याचा, आणि तेच दाबलं." तिथल्या बाईंनी चष्मा काढून वाचलं, घालून वाचलं, आणि म्हणाल्या, बावीस वर्षांत असली चिठ्ठी आली नाही, हिचा उपयोग तरी काय? मी म्हटलं, शिक्का मारा. त्यांनी मारला. तेव्हा सॅटर्निनना समजावू नकोस, नुसतं सांग, आणि जेवण झाल्यावर सांग. बाजारातल्या बायकांना मात्र काही बोलू नकोस, ते माझं काम. मी दोन डिसेंबरच्या विमानाने येते. न्यायला कुणी नको. मासळीबाजारातून चालत येईन.