वाघावरची बाई

कुरुंदवाड,
सोमवार, ११ नोव्हेंबर

चि. प्रसेनजीत यास,
आज्जीचा जयभीम व अ. आ. वि. वि.

पत्र बघून, ही कोण आज्जी, असं डोकं खाजवत बसू नकोस. कुरुंदवाडात तुला एक आज्जी हाय, बायडाबाई नावाची. लहानपणी तिच्या मांडीवर झोपायचास, आता तिच्याकडं नुसती खोकी ठेवायला देतोस. फोनवर मला धड ऐकू येत न्हाय, आणि ऐकू आलं तरी तू खोटं बोलतोस का ते कळत न्हाय. कागद दोनदा वाचून घेता येतो. म्हणून तुझ्या चुलत बहिणीला, श्रुतीला, धरून बसवलंय. मी बोलते तेच ती लिहितेय का मनाचं, ह्याचाबी मला संशयच हाय. तुझा भाऊसोकाका रोज तिकडं कोल्हापूरला, शिरोलीच्या कारखान्यात कामावर येतो, त्याच्या हातनं हे पाठवते.

तर खोकं. खोली बदलताना मोडतोड नको म्हणून ते माझ्याकडं दिलंस आणि वर मोठ्या अक्षरात ‘उघडू नये’ असं लिहिलंस. मला अक्षरं येत न्हाईत हे तू विसरलास, त्यात माझा काय दोष. उघडलं.

आत बोटाएवढ्या मूर्ती. कुणाला शिंगं, कुणाला चार हात, सगळ्यांकडं हत्यारं. एका डबीत नुसती मुंडकी, दुसरीत तोडलेले हात. आणि तळाला कापसात गुंडाळलेली एक बाई. लुगडं नेसलेली, हातात तलवार, वाघावर बसलेली. लेका, हे काय मांडलंयस? करणी म्हणावी तर करणी मी मानत न्हाय. मग देवच राहिले की. धम्म घेतला तेव्हा माझ्या बानं घरातले देव टोपलीत भरून संगमावर सोडले. टोपलीची एक कड माझ्या हातात होती. त्यानंतर आमच्यात देव्हारा न्हाय. तो तू शिरोलीच्या खोलीत थाटलास का? कुण्या पोरीच्या नादानं? तुझ्या मनात काय चाललंय ते देवच जाणे म्हणणार होते, पण तेबी आपण सोडलंय. तूच सांग. न्हायतर संगम माझ्या दारापासून लांब न्हाय.

लोभ हाय. वाढवायचा का ते तुझं उत्तर ऐकून ठरवीन.

तुझी आज्जी
बायडाबाई (अंगठा दिलाय)


कोल्हापूर,
बुधवार, १३ नोव्हेंबर

ती. आज्जीस,
सा. जयभीम वि. वि.

ते देव नाहीत. खेळातल्या फौजा आहेत. टेबलावर डोंगर-भिंती मांडायच्या, दोघांनी आपापली फौज समोरासमोर उभी करायची, टेपनं अंतर मोजून माणसं पुढं सरकवायची, आणि वार लागला का चुकला ते फासे टाकून ठरवायचं. राक्षस, जादूगार, भुतं, सगळं कल्पनेतलं.

ही माणसं प्लास्टिकच्या सुट्या भागांत येतात. आहे तशी जोडली तर सगळ्यांची फौज सारखीच दिसते. म्हणून मी एकाचा हात दुसऱ्याला, तिसऱ्याचं डोकं चौथ्याला लावतो आणि सांधा पुटीनं, म्हणजे कणकेसारख्या लगद्यानं, भरतो. मुंडक्यांची डबी त्यासाठी. मग आधी काळा रंग, त्यावर पाण्यासारखे पातळ थर, एकावर एक. फौंड्रीत दिवसभर लोखंड ओतायला दुसऱ्यांचे साचे करतो. हे एवढंच माझं स्वतःचं.

येत्या रविवारी इथं कोल्हापुरात स्पर्धा आहे, रंगकामाचीसुद्धा. आजवर मी माझं काम कुणाला दाखवलेलं नाही. वाघावरची बाई माझी सेनापती आहे, तिच्याशिवाय फौज उभी राहत नाही. खोकं शनिवारी काकांकडे दे. संगमाकडं नेऊ नकोस. आणि पोरगी वगैरे कुणी नाही.

लोभाचं आता तुझ्याच हातात आहे.

तुझा
प्रसेनजीत


कुरुंदवाड,
गुरुवार, १४ नोव्हेंबर

चि. प्रसेनजीत यास,
अ. आ. वि. वि.

पत्र दोनदा वाचून घेतलं. पहिल्यांदा खरं वाटलं, दुसऱ्यांदा न्हाय. फासे टाकून खेळायच्या खेळाला आमच्यात जुगार म्हणतात. आणि पोरगी न्हाय हे अगदी शेवटाला लिहिलंस, म्हणजे हाय.

देव न्हाईत हे मला तुझ्या पत्राआधीच कळलंतं. सोमवारीच त्या वाघावरच्या बाईला चिंच लावून काथ्यानं घासलं. पितळेचे देव उजळायची आमची जुनी रीत, खरा असला तर झळाळतो. झळाळलं काय न्हाय, खालनं करडं प्लास्टिक निघालं. आता प्लास्टिकचेबी देव मिळतात म्हणा. तिचं तोंड तेवढं पुसलं गेलं. वाघ धड हाय.

पण एक सांग. एवढी फौज नुसती कोंबलीस आणि ह्या एकट्या बाईलाच कापसात निजवलंस. कोण लागते ती तुझी? ते कळल्याबिगर खोकं माझ्या खाटेखालनं हलायचं न्हाय.

लोभ अजून खोळंबलाय.

आज्जी (अंगठा)


कोल्हापूर,
शुक्रवार, १५ नोव्हेंबर, सकाळी

ती. आज्जीस,
सा. जयभीम वि. वि.

काकांना कंपनीच्या गेटवर थांबवून लिहितोय.

वाघ एका खोक्यातला, अंग दुसऱ्या खोक्यातलं. लुगड्याचा काष्टा मी पुटीनं घडवला. तोंड मात्र कुठल्याच खोक्यात मिळालं नाही, म्हणून तुझा फोटो समोर ठेवून केलं. कपाळावरचं गोंदण काढायला दोन रविवार गेले. आज्जी, ती तूच होतीस. परवा तुला बोलावून टेबलापाशी उभं करणार होतो, तोवर तू बघू नयेस म्हणून खोक्यावर तसं लिहिलं.

राग नाही. पण फोटो बघून तसं तोंड आता एका दिवसात होणार नाही. स्पर्धेचं राहू दे. खोकं सांभाळून ठेव, एवढंच.

लोभ असावा.

प्रसेनजीत


कुरुंदवाड,
शुक्रवार, संध्याकाळी

चि. प्रसेनजीत यास,
अ. आ. वि. वि.

श्रुतीनं वाचलं आणि तोंड फिरवून हसू दाबलं. मीच तिला म्हटलं, हस की, आज्जीनं आपलंच तोंड चिंचेनं घासलं. मग दारात जाऊन उजेडात त्या बाईला फिरवून बघितलं. काष्टा माझाच, पाय टाकून बसायची तऱ्हाबी माझीच. तरी मला ओळख पटली न्हाय. मला कोण वाघावर बसवील असं कधी डोक्यातच आलं न्हाय, बाळा.

स्पर्धेचं राहू दे म्हणायचं न्हाय. खोकं भाऊसोकडं देणार न्हाय, तो गाडी कशी हाकतो ते मला ठाऊक हाय. उद्या सकाळी भाऊसो हे पत्र देईल, त्याच्या मागनं दहाच्या एस.टी.नं मी आणि श्रुती येतोय, खोकं माझ्या मांडीवर. स्टँडवर ये. दिवसभर तुझ्यापुढं हलायची न्हाय. फोटो ठेव बाजूला, माझ्याकडं बघून रंगव. सुरकुत्या बुजवू नकोस, आणि त्या फोटोत नाक मोठं आलंय ते तेवढं नीट कर.

संशय अजून एक हाय. पहिल्याच फाशाला मी मरणार असेन तर आत्ताच सांग, मी त्या टेबलाजवळ उभी राहणार न्हाय.

लोभ आज पुरेपूर दिलाय, जपून वापर.

तुझी आज्जी
बायडाबाई (अंगठा)

ता. क. : श्रुतीनं एवढं लिहिलं, तिची मजुरी तू द्यायची. सोमवारी भाऊसोच्या हातनं मटणाचं लोणचं पाठव, बिनहाडाचं. तिखट कमी करून घेऊ नकोस.